पातेल्यातले दगड

खटपट्या हे नाव त्याला बायकोनं दिलं होतं. ते इतकं चपखल बसलं की सासूबाईंपासून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यापर्यंत सगळे त्याला त्याच नावानं ओळखत. पोटापाण्यासाठी तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात घरातल्या धडधाकट वस्तू उघडून बसायचा.

समुद्राचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. तो एसीचा गॅस भरायला गेला होता. बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी होती. खाऱ्या पाण्यात दगड, दगडांवर फुलांसारखी डोलणारी प्रवाळं, आणि त्यांच्या आडोशानं ये-जा करणारे बोटाएवढे मासे. दाढ धरून बसलेली माणसंसुद्धा दाढ विसरून तिकडे बघत होती. खटपट्या अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास रेंगाळला आणि घरी येऊन म्हणाला, "आपल्याकडेही असं करायचं. आई दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत बसतात."

आई म्हणजे सासूबाई. टेलिफोन ऑफिसात बोर्डावर बसून त्यांनी उभा जन्म लोकांचे फोन जोडून दिले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. वॉकर धरून बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून परत, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. जिभेला मात्र वॉकर लागत नव्हता.

"आईचं नाव पुढे करू नकोस," बायको म्हणाली. ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची आणि लोकांच्या थापा तिला लांबूनच ओळखू यायच्या. "हौस तुझी आहे. कर, पण घरखर्चाला हात लावायचा नाही."

त्यानं लावला नाही. एका शाळेनं अडगळीत टाकलेली टाकी त्यानं उचलून आणली, तिचे सांधे खरवडून नव्यानं सिलिकॉन भरलं. खाली जुन्या फ्रिजचा सांगाडा स्टँड म्हणून लावला. पंप जुन्या बाजारातला. दिवे त्यानं स्वतःच जोडले, पण ते फार तापायला लागले, तेव्हा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा काढून दिव्यांच्या डोक्यावर बसवला आणि भिंतीतल्या भोकाला पुठ्ठा चिकटवला. "आठवड्यात दुसरा आणतो," असं तो बायकोला म्हणाला, त्याला दोन महिने होऊन गेले होते.

गाडं अडलं ते दगडांवर. समुद्रातून आलेले, छिद्राछिद्रांचे दगड असल्याशिवाय अशी टाकी उभी राहत नाही, आणि दुकानात ते सोन्याच्या भावानं मिळतात. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचाच फोन आला. टाकीची निगा राखून ते कंटाळले होते. मासे त्यांनी देऊन टाकले होते. "मागच्या अंगणात दोन बादल्या दगड पडलेत. न्यायचे तर न्या. बादल्या तेवढ्या परत करा."

खटपट्याला आकाश ठेंगणं झालं. दगड ओले होते, वास मारत होते. काहींवर शर्टाच्या बटणाएवढे तपकिरी, मऊ गोळे दाटीवाटीनं चिकटलेले होते, मिटलेले आणि सुरकुतलेले. कुजलेलं शेवाळ असेल, असं त्याला वाटलं. जुने दगड उकळून घ्यावेत म्हणजे आतले किडे मरतात, असं त्यानं मोबाइलवर कुणीतरी लिहिलेलं वाचलं होतं. त्याखाली लोकांनी बरंच काही लिहिलं होतं, पण तेवढं वाचायला वेळ कुणाला?

गुरुवार त्याच्या सुट्टीचा. बायको कामावर गेल्यावर त्यानं घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, त्यात दगड रचले, पाणी ओतलं आणि गॅस पेटवला. खिडकीतून वारा येऊन ज्योत हलत होती म्हणून खिडकी लावून घेतली. सासूबाई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या.

"जावईबापू, किती शिट्ट्या काढायच्या?"

"दगड शिजायला वेळ लागतो, आई."

"तुमच्या डोक्यापेक्षा लवकर शिजतील."

तो हसला. पाण्याला आधण आलं, तसा एक खारट, जळक्या केसांसारखा वास सुटला. पंपाच्या नळीला एक सांधा कमी पडत होता. "मी दहा मिनिटांत आलो. उतू गेलं तर गॅस बारीक करा," असं सांगून तो बाहेर पडला.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. दुकानदार ओळखीचा होता, त्याचा कॉम्प्रेसर आवाज करत होता, तो बघणं आलं.

परत येऊन दार उघडलं तर स्वयंपाकघरात धुकं. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. सासूबाई खुर्चीतच होत्या, पण मटाराच्या शेंगा जशाच्या तशा पडल्या होत्या.

"जीभ कशीशीच झालीय हो," त्या म्हणाल्या. "तोंडात कुणी नाणं ठेवल्यासारखी."

त्यानं गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण टाकलं, खिडकी उघडली. एक श्वास घेतला आणि ठसका लागला. घशात कडू काहीतरी उतरलं. त्यानं सासूबाईंना हाताला धरून पलंगावर नेलं. त्या कापत होत्या. भर दुपारी दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. थंडी बाधली असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. तापाची गोळी दिली. पायांत गोळे येतात म्हणाल्या, म्हणून पाय चेपत बसला.

चारच्या सुमाराला त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्यानं विचारलं, "आई, पाणी देऊ?" त्यांनी नुसती मान हलवली. सहा वर्षांत ही बाई कधी नुसती मान हलवून गप्प बसली नव्हती. बोलायला श्वास पुरत नव्हता त्यांना. ते उमगलं आणि खटपट्या शेजाऱ्याचं दार ठोठवायला धावला.

शेजाऱ्याच्या गाडीतून त्यानं त्यांना हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ऑक्सिजन लावला, रक्त काढलं आणि भराभर प्रश्न सुरू केले.

"घरात काही फवारलंत? ढेकणांचं, झुरळांचं?"

"नाही."

"रंग, अ‍ॅसिड, कसला धूर?"

"नाही."

"काही वेगळं खाण्यात आलं? काही वेगळं घडलं आज?"

त्याच्या डोळ्यांसमोर पातेलं उभं राहिलं. दगडानं कुणी आजारी पडतं का? आणि समजा, पडत असलं तर? तर हे आपण केलं. खिडकी आपण लावली, पंखा आपण काढला, म्हाताऱ्या माणसाला तिथं बसवून आपण निघून गेलो. "नाही," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

बायको पोस्टातून तशीच धावत आली. आईचा हात हातात घेऊन पाच मिनिटं बसली. मग उठली. "जुने रिपोर्ट घरी आहेत. कपडे आणते, दातांची डबी आणते. तू हलू नकोस इथून."

त्यानं मान डोलावली. ती गेली. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई दुसऱ्या डॉक्टरांशी हलक्या आवाजात बोलत होत्या आणि दोघांच्याही कपाळाला आठ्या होत्या. खटपट्या जिन्यापाशी गेला आणि त्यानं दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, ते दगड... त्यात काही विषारी बिषारी असतं का?"

"हातमोजे घातले होते ना? काहींवर तपकिरी बटणं आहेत बघा, त्यांना उघड्या हातानं..."

"उकळले मी ते."

त्याला वाटलं, फोन कटला.

"कुठे उकळले?" डॉक्टरांचा आवाज बदलला होता.

"स्वयंपाकघरात."

"घरात कोण होतं?"

त्यानं सांगितलं.

"नीट ऐका. ती बटणं म्हणजे प्रवाळाचीच एक जात आहे, आणि तिच्यात भयंकर विष असतं. उकळल्यावरही ते मरत नाही, वाफेबरोबर हवेत जातं. आत्ताच्या आत्ता तिथल्या डॉक्टरांना सांगा. माझा नंबर द्या. आणि त्या पातेल्याला कुणालाही हात लावू देऊ नका. अंगावर कुठे चीर, जखम असेल तर तिच्यातूनही जातं ते."

खटपट्या धावत आत गेला आणि डॉक्टरीणबाईंसमोर त्यानं सगळं ओकून टाकलं. त्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. "दोन तासांपूर्वी विचारलं होतं मी," एवढंच म्हणून त्यांनी विषबाधेच्या माहिती केंद्राला फोन लावला.

आणि मग त्याच्या डोक्यात वीज चमकली. बायको घरी गेलीय.

त्याची बायको म्हणजे खरकटं भांडं डोळ्यांना न सोसणारी बाई. कितीही घाई असो, गॅसवर घाण पाण्याचं पातेलं दिसलं की ती आधी ते घासणार. कालच पार्सलच्या पट्टीनं तिचं बोट कापलं होतं. त्यानं फोन लावला. घंटी वाजली ती पलंगाजवळच्या खुर्चीतून. तिचा फोन तिथंच राहिला होता.

तो कसा बाहेर पडला, टॅक्सीवाल्याला काय म्हणाला, त्याला नंतर आठवेना. प्रत्येक सिग्नल लाल लागत होता. बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. ही भीती की तेच विष, त्याला कळेना. इमारतीची लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. तो जिन्यानं निघाला. रोज दोन-दोन पायऱ्या चढणारा माणूस, पण दुसऱ्या मजल्यावर छाती भरून आली आणि कठडा धरून थांबावं लागलं. वरून नळाच्या पाण्याचा आवाज येत होता. आपल्याच घरातून येतोय का? रांगत जावं लागलं असतं तरी तो गेला असता.

दार नुसतं लोटलेलं होतं. बायको पाठमोरी उभी होती. पातेलं सिंकमध्ये, झाकण बाजूला, नळ सुरू आणि तिच्या हातात घासणी.

"हात लावू नकोस!"

तो असा ओरडला की तिच्या हातून घासणी पडली. "वेड लागलंय का तुला? आई तिकडे... आणि तू..."

"नळ बंद कर. मागे हो. मागे हो आधी!"

ती मागे झाली. त्यानं दाराच्या चौकटीला धरून, एकेका श्वासात दोन-दोन शब्द, असं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. दोन्ही हात तिनं अंगापासून दूर धरले होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"पाण्यात हात घातलास?"

"नाही. घालणार होते." मग ती म्हणाली, "हॉस्पिटलात सांगितलंस?"

"हो. आत्ता."

"आत्ता?"

तिनं बाथरूममध्ये जाऊन साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, पिशवी उचलली. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली. तो खोकला तेव्हा मात्र तिनं वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती बघून त्याला राग परवडला असं वाटलं.

रात्री त्यालाही वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात पलंग मिळाला. सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या. "या विषावर उतारा नाही," डॉक्टरीणबाईंनी बायकोला सांगितलं. "श्वासाला आधार द्यायचा, बाकी शरीरानं निभवायचं." ते दोन दिवस बायको दोन मजल्यांमध्ये ये-जा करत राहिली. ती येताना दिसली की खटपट्या आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, आणि तिनं तोंड उघडेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि पलंगाच्या कडेला बसून रडायलाच लागली. तो धडपडत उठून बसला.

"अरे, बोलली," ती म्हणाली. "दात मागितले तिनं."

दातांचे डॉक्टर स्वतः येऊन गेले. हातमोजे आणि मास्क चढवून त्यांनी गॅलरीत त्या पातेल्यात ब्लीच ओतलं, दिवसभर तसंच ठेवलं आणि दगड बांधून घेऊन गेले. पातेलं बायकोनं टाकून दिलं. टाकी भंगारवाल्याकडे गेली. एक्झॉस्ट पंखा परत भिंतीत बसला.

सासूबाई दोन आठवड्यांनी घरी आल्या. आवाज खरखरीत झाला होता. अर्धं वाक्य बोलून थांबायच्या, दम खायच्या, मग उरलेलं बोलायच्या. एका दुपारी बायको कामावर असताना खटपट्या त्यांच्या पलंगाशी जाऊन बसला.

"आई, तुम्हाला सांगायचं होतं. त्या दिवशी खिडकी मी लावली होती."

"माहीत आहे. मी तिथंच होते की." त्यांनी दम घेतला. "डॉक्टरांनी विचारलं... तेव्हा तीन वेळा नाही म्हणालात म्हणे."

त्यानं मान खाली घातली. "भीती वाटली."

"कशाची? मी मरेन याची... की माझी लेक काय म्हणेल याची?"

खोटं बोलणं सोपं होतं. टेलिफोनवर सगळ्या तऱ्हेचे आवाज ऐकलेल्या बाईपुढे त्याला ते जमेना.

"आधी दुसऱ्याची," तो म्हणाला.

माफ केलं असंही सासूबाई म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही नाही. मग त्यांनी उशी सरळ करायची खूण केली. त्यानं ती सरळ केली, त्यांना आधार देऊन टेकवलं. थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला. त्या दिवशी दोन ठिकाणची कामं होती, लोकांचे फोन येत होते. त्यानं फोन बंद केला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून तो त्यांचा श्वास ऐकत बसला. एक आत, एक बाहेर. मध्ये जरा अंतर पडलं की तो उठून उभा राहायचा, आणि पुढचा श्वास ऐकू आला की पुन्हा बसायचा. पाच वाजता दारात किल्ली वाजली, तोवर तो असाच उठत-बसत होता.