पुतळ्याच्या काखेतला बॉल

व्हर्ल हॉस्टेटर कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला. पण सामन्यात बॉल त्याच्या हाताला एकदाही लागला नाही. तो पुढच्या फळीतला गडी. समोरच्याला छातीने रेटायचं आणि मागून बॉल घेऊन पळणाऱ्या ऑरिन पेल्कला वाट करून द्यायची, एवढंच काम. पेपरात फोटो ऑरिनचा यायचा. त्यात व्हर्लचं कधी कोपर दिसायचं, कधी ढुंगण.

पुढे नेब्रास्कातल्या त्याच कॉलेजात तो कोच झाला आणि एकतीस वर्षं झाली तरी टिकून होता. "नाव दुसऱ्याचं होऊ दे, तू रेटत राहा," हे त्याने पोरांच्या कितीतरी पिढ्यांकडून घोकून घेतलं.

मग कॉलेजने मैदानाच्या फाटकाशी त्याचा पुतळा उभारला. कापड सरकलं, तर ब्राँझचा व्हर्ल काखेत बॉल दाबून सुसाट पळतोय!

"अहो, मी कधी बॉल घेऊन पळालोच नाही," तो कॉलेजच्या अध्यक्षांच्या कानाशी पुटपुटला.

"कोच, बॉल नसता तर लोकांना वाटलं असतं, तुम्ही अडकलेलं दार ढकलताय."

बायको लोर्ना म्हणाली, "पोट मात्र छान आत घेतलंय हो तुझं."

पुढचे दोन महिने तो न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाला खरं सांगत सुटला. लोक भारावून म्हणायचे, "किती नम्र माणूस!"

ऑगस्टमध्ये नवी पोरं आली. एकाने विचारलं, "कोच, किती यार्ड पळाला होतात?"

ऊन रणरणत होतं. व्हर्ल नाही म्हणून म्हणून थकला होता.

"बारा," तो म्हणाला.

ऑक्टोबरपर्यंत त्याच्या गोष्टीत बाराचे चाळीस झाले, मैदानात चिखल झाला, आणि अडवायला आलेले तिघे जण आडवे पडले.

त्याच महिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातला सामना बघायला ऑरिन आला. सामन्याआधी काठी टेकत खेळाडूंना भेटायला गेला, तर पोरांनी त्याला ती चाळीस यार्डांची धाव रंगवून सांगितली. धाव ऑरिनचीच होती, चिखलासकट. त्याने व्हर्लकडे पाहिलं. व्हर्लचे कान लालबुंद झाले होते. तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता.

"खरंय, पोरांनो," ऑरिन म्हणाला. "मी होतो ना तिथे. समोरच्यांना रेटून याला वाट मीच करून दिली."

त्या दिवशी सामन्याच्या पूर्वार्धात व्हर्ल मैदानाकडेच बघत उभा होता, पण काय खेळ झाला, हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागलं.