नामंजूरमधला ना

चिकलठाण्याच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये कृष्णा सरांनी एका ओळीत गायरानाचा मुडदा पाडला. "ठरावाची फाईल आढळून आली नाही." खाली सही ठोकली आणि कागद हाताखालच्या योगिनीपुढं सरकवला. दुसरी सही तिची लागायची.

दाराबाहेर सारजाबाई बसलेली. पडेगावपल्याडच्या गावची धनगरीण. दुष्काळात दोनशे मेंढरांची साठ झाली, आणि ती साठ ज्या गायरानावर जगायची तिथं आता प्लॉटिंगवाल्यांचे पत्रे. म्हणे ग्रामसभेनंच होकार दिला! भाऊसाहेबानं, म्हणजे ग्रामसेवकानं, फाईल उडवून हार्डडिस्क पार पुसून काढली. पण पोलीस पोचले तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. बंद करायच्या आत त्यांनी त्याच्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल घेतली, तीच लॅबकडं तपासाला आली होती.

"सर, काय काय शोधलं?"

"गायरान, ठराव, नामंजूर. सगळं टाकलं, भोपळा मिळाला. कर सही, डोकं नको खाऊ."

योगिनी बाहेर आली. "मावशी, तुमचा भाऊसाहेब टाईप कसा करतो?"

"लई माज त्याला. कळांकडं बघतबी नाय. टायपिंगच्या क्लासातला हाय ना जुना!"

योगिनीचं टाळकंच सरकलं. एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं. टाईपरायटरवर शिकलेला माणूस, म्हणजे भाऊसाहेबाचा फॉन्ट जुना, युनिकोडच्या आधीचा! त्याच फॉन्टात तिनं औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात चार वर्षं लग्नपत्रिका बडवल्या होत्या. पडद्यावर मराठी दिसतं, पण मशीनच्या पोटात नुसती इंग्रजी अक्षरं साठतात. तिथं 'गायरान' शोधणं म्हणजे म्हशींच्या गोठ्यात मेंढरू हुडकणं. मोठ्या कॉलेजातल्या सायबांना हे कोण शिकवणार?

तिनं आत येऊन जुन्या फॉन्टातल्या 'गायरान'च्या कळा दाबल्या. एक्स, के, अर्धविराम, जे, के, यू. एंटर.

सतरा ठिकाणी गायरान.

ठरावाच्या दोन प्रती निघाल्या. पहिलीत, "गायरान देण्याचा ठराव सर्वानुमते नामंजूर." दुसरीत, "मंजूर." बाकी कानामात्रा हलली नव्हती. यू आणि के, म्हणजे 'ना'ची दोन अक्षरं खोडून हरामखोरानं अख्खं गायरान गिळलं होतं.

कृष्णा सर बघतच राहिले. "पण माझी सही झालीय गं."

"मग फाडा. तुमची सही जड का गावाचं गायरान?"

त्यांनी कागद फाडला.

नवा कागद घेऊन योगिनी बाहेर आली. "मावशी, सापडलं. सभा नाहीच म्हणाली होती."

सारजाबाई उठलीसुद्धा नाही. "ते मी तीन वरीस सांगतीय. तहसिलात सांगितलं, ठाण्यात सांगितलं. सव्वाशे माणसांनी हात वर करून नाय म्हणलं हुतं. आमची तोंडं खोटी, अन् ह्या डबड्यानं सांगितलं की खरं व्हय?"

योगिनीनं कागद तिच्यापुढं धरला.

"वाच," म्हातारी म्हणाली. "अन् तो 'ना' मोठ्यानं वाच."

योगिनीनं वाचला. आतल्या सगळ्या खुर्च्या वळल्या.