खिडकीतल्या तीन कुंड्या

अपेक्षाला पहिला संशय आला तो बशीतल्या पाण्यामुळं.

पाचगणीतल्या एका शाळेत ती गणित शिकवायची. नवरा सिद्धू लष्करात, पोस्टिंग पार आसामात. म्हणून सासू हरणाबाई माणदेशातलं घर नि शेरडं धाकट्या लेकाच्या हवाली करून सुनेच्या सोबतीला आली होती. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात उत्तरेची एक मोठी खिडकी. पावसाळ्यात तिथं ऊन फिरकायचं नाही. ढगच कट्ट्यावर येऊन टेकायचे.

त्या कट्ट्यासाठी अपेक्षानं हायवेवरच्या एका नर्सरीतून तीन चिमुकले कॅक्टस आणले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक फूल: पिवळं, गुलाबी, केशरी.

हरणाबाईनं त्याच दिवशी नाक मुरडलं. "काट्याचं झाड घरात कशाला गं? माळावरचं निवडुंग तोडून तोडून आमी दमलो."

ऑगस्टात पिवळ्या फुलाचं झाड बुडाशी मऊ पडलं. बशीत पाणी साचलेलं. अपेक्षा तर पंधरा दिवसांतून एकदाच पाणी घालायची. मग घरात दुसरं होतं कोण? झाडांसाठी पाणी भरून ठेवलेल्या डब्यावर तिनं पेननं बारीक रेघ मारून ठेवली. पाणी रेघेखाली गेलं नाही, तरी बशी ओलीच. तांब्यानं घालत असतील, तिला वाटलं.

"तुझ्या आईला माझी झाडं खुपतात," ती फोनवर सिद्धूला म्हणाली.

"आई? छ्या. ती असलं काय करायची न्हाई."

आईचाच लेक, दुसरं काय बोलणार, म्हणून तिनं विषय सोडला. दुसरं झाडही आडवं झालं, तेव्हा तिची खात्रीच पटली.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. अपेक्षानं आवाज न करता दार उघडलं. हरणाबाई खिडकीशी उभी होती आणि उरलेल्या झाडाचं केशरी फूल चिमटीत धरून ओढत होती.

"आत्या! सापडलात आज!"

म्हातारी दचकलीसुद्धा नाही. "बरं झालं आलीस. धर ह्ये."

तिनं फूल सुनेच्या तळहातावर ठेवलं. कागदासारखं कोरडं. खाली पारदर्शक डिंकाचा गोळा, त्यात दोन काटे अडकलेले.

"चिकटवलंय," हरणाबाई म्हणाली. "निवडुंगाचं फूल चार दिस टिकलं तर लय झालं. ह्ये दोन महिनं न्हाई सुकलं, न्हाई मिटलं. मला पैल्या आठवड्यापास्नं शंका व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? तू माझ्यावरच डोळा ठिवलावतास. डब्यावरची रेघ मला दिसली न्हाई व्हय? म्हणाली असतीस, म्हातारी रचून सांगतीया."

अपेक्षानं बशीकडं बघितलं. "पण पाणी कुठून आलं?"

हरणाबाईनं सुनेचं बोट धरून खिडकीच्या काचेवर टेकवलं. धुक्याचे थेंब ओघळून चौकटीवरून थेट बशीत उतरत होते. मग कुंडी उपडी केली. माती उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी काळी, गच्च ओली. "सकाळी खिडकी उघडी टाकून जातीस, तुझ्या झाडांमुळं मी तिला हात लावत न्हाई. ढग आत येतोय, आन् ही माती पानी सोडत न्हाई."

"चुकलं माझं, आत्या."

"चुकलं तर चुकलं. च्या टाक."

पुढच्या रविवारी दोघी वाईला वीरधवल नावाच्या माणसाच्या नर्सरीत गेल्या. अपेक्षा आता प्रत्येक फूल वाकवून बघत होती.

"गारवा भरपूर नि ऊन कमी असेल तर दुसऱ्या बुंध्यावर बसवलेली ती रंगीत डोक्याची कलमं घेऊ नका," वीरधवल म्हणाला. "त्यांना ऊब लागते. ही बारकी गोल घ्या. डोंगरातली जात, थंडी सोसते. फक्त मुळाशी ओल नको. आणि ही लोंबत्या पानांची. हिला सावली चालते."

"काटा न्हाई आन् म्हणं निवडुंग!" हरणाबाई पुटपुटली.

"आणि फुलं कुठंयत?" अपेक्षानं विचारलं.

"आत्ता नाहीत. थंडीत पाणी कमी करा, मग येतील."

"असं सगळेच सांगतात."

हरणाबाईनं एका कुंडीत बोट खुपसलं. खडी-वाळू बोटांतून भुरभुर निसटली. झाड जरासं हलवलं, मुळं घट्ट होती. "दोन गोल दे, आन् ही बिनकाट्याची एक," ती म्हणाली.

त्या रात्री अपेक्षानं सिद्धूला सगळं स्वतःहून सांगितलं, रेघेसकट. तो इतका हसला की तिनं फोन कानापासून लांब धरला.

डिसेंबरात बिनकाट्याच्या झाडाच्या टोकांना गुलाबी कळ्या फुटल्या. शेरडं व्यायला आली म्हणून हरणाबाई तेव्हा गावी गेली होती. अपेक्षानं घाईनं फोन लावला.

"कळ्या? फोटू धाड."

तिनं फोटो पाठवला. पाच मिनिटांनी सासूचाच फोन आला.

"फोटूत काय बी दावत्यात. उद्याच्या एस्टीनं येतीया, माझ्या डोळ्यांनी बघती."