तपासणीपुरता वर्ग

भिंगरी हे नाव तिला याच शाळेत मिळालं होतं. एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ! आज मात्र ती फाटकातून अगदी सावकाश आत आली, कारण आज ती तपासणी अधिकारी होती. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली मुलं फी भरणाऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात शिकतात की नाही, हे तिला बघायचं होतं. तशी अटच होती, आणि ती मोडणाऱ्या शाळेवर कारवाई ठरलेली. खरं तर ही शाळा तिने दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवी होती. स्वतः इथेच शिष्यवृत्तीवर शिकलेली. पण मोह आवरला नाही.

ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला आणि तिला भरून आलं. जिन्याच्या कठड्यावरून घसरल्याबद्दल किती ओरडा खाल्ला होता! वर मुख्याध्यापिका उभ्या होत्या, तिच्या त्या वेळच्या वर्गशिक्षिका.

"अगं भिंगरे, किती वाळलीस!" बाईंनी तिचे गाल कुरवाळले. हातातली फाइल भिरकावून द्यावी आणि बाईंपुढे घडाघडा पाढे म्हणावेत, असं तिला वाटलं.

तपासायचा वर्ग तिचाच जुना निघाला. वर्गशिक्षकांनी शिष्यवृत्तीची मुलं दाखवली; सगळ्यांत मिसळून बसलेली, गणवेश कडक इस्त्रीचे. बघून ती सुखावली. आत उकडत होतं, म्हणून तिने खिडकीजवळच्या शिष्यवृत्तीच्या मुलीला म्हटलं, "बाळा, जरा उघड ना ती."

मुलीने कडी ओढली. खिडकी ढिम्म हलेना. मग तिने दोन्ही हातांनी जोर लावला. मागून एक मुलगा वैतागून ओरडला, "अगं, आधी वर उचल, मग खांदा लाव!"

भिंगरी त्या मुलीजवळ गेली. ही खिडकी भिंगरीच्या वेळेपासून अशीच हट्टी होती. वर्गात आठवडाभर बसलेल्या कुणालाही ती कशी उघडायची ते ठाऊक असायचं.

"तू रोज कुठे बसतेस गं?" तिने हळूच विचारलं.

मुलीने वर्गशिक्षकांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते. "मागे, शेडमध्ये," ती म्हणाली.

मुलगी तिला तिकडे घेऊन गेली. शेड सायकलींच्या पलीकडे होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. आता सतरंज्या होत्या, तडा गेलेला फळा होता, आणि शिकवायला कुणी नव्हतं. शिपाईकाका अधूनमधून डोकावतात, असं त्या मुलीनेच सांगितलं. भिंगरीला रडू आलं आणि रागही आला. आपली शाळा असं करू शकते, हे तिच्या गळी उतरेना.

बाई धापा टाकत मागोमाग आल्या. मुलीला त्यांनी वर्गात पाठवून दिलं.

"पालक ऐकत नाहीत गं. आमच्या मुलांशेजारी ही मुलं नकोत म्हणतात. एकेक जण दाखला काढून न्यायच्या गोष्टी करतो. शाळा चालवायची कशी?"

"मग या मुलांच्या नावाने सरकारचे पैसे कशाला घेता बाई?"

बाईंनी पदराने घाम टिपला. "तू लिहिलंस तर शाळेचं नाव जाईल. या वयात माझी लाज काढशील?"

बाईंचा हात धरून त्यांची चूक जमेल तितकी झाकावी, एवढं प्रेम भिंगरीच्या मनात अजून शिल्लक होतं.

बाईंना ते दिसलं असावं. त्या जवळ सरकल्या. "तुला मी पहिल्या बाकावर बसवलं होतं. तेव्हाही पालक कुरकुरले होते. एकाचंही ऐकलं नाही मी. विसरलीस?"

"नाही विसरले बाई," भिंगरी म्हणाली. "तेव्हा तर तपासायलाही कुणी येत नव्हतं."

तिथल्या सतरंजीवर बाई हळूहळू खाली बसल्या. भिंगरी त्यांच्या शेजारी बसली आणि शेडचं सगळं नोंदवत तिने अहवाल लिहायला घेतला.