ऐकताना यंत्र तापत नाही

आईने त्या रेडिओला आयुष्यभर एकाच नावाने हाक मारली: सवत. "बसले सवतीपाशी," म्हणायची आणि बाबांच्या ताटावर ताट झाकून ठेवायची. बाबा गेल्यावर माळा आवरायला काढला आणि जुन्या घोंगडीत गुंडाळलेली ती पेटी खाली आली, तेव्हा लेकीला वाटलं, आता तरी एखादा टोमणा येईल. आई फक्त म्हणाली, "संध्याकाळी भंगारवाला येणार आहे. त्याच्या ढिगात ठेव."

बाबा गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं. ज्या माणसाच्या नावाने जन्मभर बोटं मोडली, त्याच्याविषयी आता चांगला-वाईट एक शब्द नाही. भेटायला आलेल्यांना ती चहा द्यायची आणि पावसापाण्याचं बोलायची. लेकीला तिचं रडणं नको होतं. तिने एकदा त्यांच्याबद्दल काहीतरी बोलावं, एवढंच हवं होतं.

"चालतोय का बघू तरी दे," लेक म्हणाली.

"चालला तर काय, आरती ओवाळणार आहेस?"

"चालला तर ठेवायचा."

"बघ बाई. हौसेला मोल नाही." आईने वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर ओतला आणि घड्या घालायला बसली.

बाबा ट्रकचालक. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी गाडी सोडली, पण गाडीतला सीबी रेडिओ, चालकांना एकमेकांशी बोलता येणारा, सोडला नाही. काढून आणला आणि खिडकीपाशी टेबलावर बसवला. त्यांचं घर घाटमाथ्यावर, रस्त्याच्या अगदी कडेला. धुकं उतरलं की ते माइक तोंडाशी धरायचे. खाली उतरणाऱ्या गाड्यांना वळणं सांगायचे आणि शेवटी प्रत्येकाला विचारायचे, "खाली पोचलात का?" पलीकडून "पोचलो" आल्याशिवाय ते जेवायला उठत नसत. कोण कुठला चालक, तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि त्याच्यापायी घरातलं जेवण निवायचं. पुढे कानही गेले. मग एक दिवस त्यांनी स्वतःच रेडिओ घोंगडीत बांधला. "उत्तर ऐकू येत नसेल तर विचारण्यात काय अर्थ?" म्हणाले आणि माळ्यावर ठेवून दिला.

लहानपणी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून लेक हे सगळं शिकली होती. माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. पहिला नियम, अँटेना जोडल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही. आवाजाला बाहेर जायला वाट नसली तर तो यंत्रालाच जाळतो. अँटेना गच्चीवर अजून उभी होती. आईने तिला कपड्यांची दोरी बांधली होती, म्हणून तर ती वाचली. लेकीने जोड घासून पुसला, वायर आत घेतली. काचेचा फ्यूज हिरवा पडला होता, तो बदलला. स्कूटरची बॅटरी आणून जोडली, लाल तार लालला, काळी काळ्याला, दोनदा बघून.

खटका दाबला आणि चॅनेलचा आकडा उजळला.

तिने कान जवळ नेला. इतकी वर्षं अंधारात पडून राहिलेल्या त्या पेटीने विचारताक्षणी डोळा उघडला होता. पण आवाज नाही. खरखरसुद्धा नाही.

"मुकी झाली वाटतं," आई घडी घालता घालता म्हणाली.

लेकीने आवाजाचं बटण फिरवलं, खरखर दाबून टाकणारं बटण पार डावीकडे नेलं, चॅनेल बदलून पाहिले आणि पुन्हा बाबांच्या चॅनेलवर आणून ठेवलं. शांतता. स्पीकर गेला असेल म्हणून एका सेलची टोकं त्याच्या तारांना टेकवली. टक्. स्पीकर धडधाकट होता. वरच्या छोट्या काचेतला काटा उजवीकडे जाऊन उभा होता. तो गंजून अडकला असणार. बोलताना लागणारा लाल दिवा विझलेला होता, पण तो बाबांच्या काळापासूनच गेलेला. राहता राहिली वायर. उंदरांनी मध्येच कुरतडली असेल तर?

"गच्चीवर जाऊन येते. हात लावू नकोस."

"मला काय करायचंय तिच्याशी?"

वायर हातभर हातभर तपासत ती भिंतीच्या कडेने वर गेली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. खाली घाटात धुकं भरत होतं आणि त्यात एका गाडीचे दिवे शेवटची वळणं उतरत होते. परत आली तेव्हा आई टेबलापाशी बसली होती. माइक जरा सरकलेला. लेकीने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"वायर ठीक आहे. आता मला काही सुचत नाही."

आईने रेडिओच्या पाठीवर तळवा ठेवला. ताप बघावा तसा, आधी तळवा, मग उलटा हात.

"अगं, तापलीय ही."

"कोण?"

"ही. चांगली तापलीय."

लेकीने हात लावला. पाठीची पत्र्याची बाजू खरंच कढत होती. लहानपणी ती स्टुलावर बसलेली असताना बाबांनी तिचा हात धरून तिथेच टेकवला होता. 'बघ, ऐकताना यंत्र तापत नाही. बोलताना तापतं. माणसांचं तरी वेगळं काय असतं?'

तिने पुन्हा काचेकडे पाहिलं. काटा अडकला नव्हता, तो बोलण्याचा जोर दाखवत होता. दिवा नव्हता म्हणून कळलं नव्हतं इतकंच. ही पेटी मुकी नव्हती, बहिरीही नव्हती. सुरू केल्यापासून ती अखंड बोलत होती, म्हणून तिला दुसऱ्याचं काही ऐकताच येत नव्हतं.

तिने माइक उचलला. बाजूचं बटण आत गेलेलं होतं. बटणामागचा स्पंजाचा तुकडा वर्षानुवर्षांच्या उकाड्याने वितळून डांबरासारखा झाला होता, आणि त्यात ते रुतून बसलं होतं. तिने नखाने ओढलं. ते चिकट तार काढत बाहेर आलं.

आणि खोली खरखरीने भरून गेली.

बाबा म्हणायचे, ही नुसती खरखर नव्हे. यात कुठल्या तरी दूरच्या विजा आहेत आणि थोडं पार ताऱ्यांकडचं. दोघी ऐकत राहिल्या.

मग खरखरीतून एक माणूस बोलला, इतका जवळून की आईने पदर सावरला.

"सुटलं का एकदाचं बटण! अहो, केव्हाचा सांगतोय, पण तुम्ही ऐकाल तर ना."

बटण दाबून लेक म्हणाली, "तुम्ही... कोण?"

"ट्रकवाला. माथ्यावर होतो तेव्हापासून ऐकतोय. या चॅनेलवर हल्ली कोणी नसतं, सवयीने चालू ठेवतो. आधी नुसती खुडबुड. मग एक मावशी जवळून बोलल्या. आहेत का त्या?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"आहेत," लेक म्हणाली.

"त्यांनी विचारलं, पोचलात का म्हणून. दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, 'इतरांना विचारत बसायचात, स्वतः पोचलात की नाही ते कोण सांगणार?' मावशी, ते कोणाला होतं ते माझ्या ध्यानात आलं. त्यांचं मी काय सांगणार. पण कुणी इतक्या काळजीने विचारलं तर उत्तर द्यायला नको का? म्हणून खाली येताच गाडी बाजूला घेऊन बसलोय. मी पोचलो. धुकं फार होतं, पण नीट पोचलो."

खरखर पुन्हा भरून आली. आईने हात पुढे केला. लेकीने माइक तिच्या हातात दिला आणि बटण कुठे दाबायचं ते दाखवायला गेली, तर आईचा अंगठा आधीच त्यावर होता. तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ताट झाकता झाकता ती सगळं बघत आली होती.

"बरं झालं," आई म्हणाली. "आता जेवून घ्या. आमचे हे कोणी पोचल्याशिवाय जेवत नसत. फार त्रास दिला हो त्यांनी मला."

तिने बटण दाबूनच धरलं होतं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं.

"आई," लेक हळूच म्हणाली, "सोड. त्यांना बोलू दे."

खालून भंगारवाल्याची आरोळी आली. आईने बटण सोडलं आणि उत्तरासाठी कान रेडिओला लावत दुसऱ्या हाताने लेकीला खूण केली: जा, त्याला सांग, आज काही नाही.