फक्कीची खोली

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी घराला मागे एक खोली वाढवायचं डोक्यात घेतलं होतं. बायकोला मात्र आहे तेच स्वयंपाकघर धड करून हवं होतं. तिथल्या फरश्या उखडल्या होत्या.

"अहो, आधी आहे ते दुरुस्त करा," ती म्हणे.

"अगं, घट्ट झालेला सदरा रफू करून सैल होतो का?" मास्तर विचारत.

गवंडी जागा बघून म्हणाला, "आधी फक्की मारून खोली आखा. बसून बघा, मग ठरवा."

सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि परसात पांढऱ्या फक्कीने खोली आखली. हाताच्या सवयीने, कापडात शिलाईसाठी जास्तीची सोडतात तशी चारही बाजूंना माया सोडून बाहेरून आणखी एक रेघ मारली. मग आत खुर्ची टाकून ऐटीत बसले.

बायको चहा घेऊन सरळ आली.

"अगं, भिंतीतून काय येतेस? दार तिकडे आहे."

तिने कप भिंतीतच ठेवला आणि परत गेली.

थोड्या वेळाने मास्तरांच्या आईने आपली खाट तिथे आणून घेतली. लेक उशी घेऊन आली. शेजारच्या काकांनी दारापाशी थांबून "येऊ का आत?" विचारलं आणि आत येऊन मास्तरांचीच खुर्ची धरली. दुपारपर्यंत खोली गच्च भरली. मास्तरांना बसायला उरली ती फक्त माया.

कंटाळून ते घरात आले. बायको रिकाम्या घरात पाय पसरून रेडिओ ऐकत होती. इतकं ऐसपैस घर मास्तरांनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. तेही शेजारी टेकले.

संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, "आता इथे भिंती उभ्या करू."

"कशाला? वारा अडेल."

"मग छप्पर तरी?"

"उगाच अंधार होईल."

काकांनी मान डोलावली. मास्तरांच्या मनात बरंच काही आलं, पण आईपुढे ते कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने विचारलं, "काय ठरलं मग?"

"स्वयंपाकघर करा," मास्तर म्हणाले. बायकोने ऐकलं नसल्यासारखं दाखवलं, पण चहात साखर जास्त पडली. "आणि मागे नुसता सिमेंटचा कोबा घाला."

कोबा ओला असतानाच आईने खाट टाकली. खाटेच्या चारही पायांचे ठसे तिथे अजून आहेत.