फोटोला हार

सोलापुरात आमच्या केबलवर ‘बसा की घडीभर’ बावीस वर्षं चालू आहे. चॅनेलचे मालक तीनदा बदलले, खुर्चीत मात्र सिद्धनाथ सरच. मी पिंकी. पंचेचाळिशी आली तरी सगळ्यांची पिंकीच. पाहुण्याला माइक लावायचा, रडू आलं की रुमाल द्यायचा, हे माझं काम. रडवल्याशिवाय सर कुणाला सोडत नाहीत.

पहिल्याच भागाचा पाहुणा आला नव्हता. कार्यक्रम थेट, समोरची खुर्ची रिकामी. तेव्हा सरांनी स्वतःची आई कशी वारली ते सांगितलं. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर, लेकाच्या मांडीवर. अख्खं शहर रडलं. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला ‘आई विशेष’. टेबलावर आईचा तिशीतला फोटो ठेवायचा आणि कार्यक्रमात सरांनी त्याला हार घालायचा. हार मी आणते.

यंदा त्या दिवशी दुपारी एक म्हातारी स्टुडिओत आली. कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीहून, एसटीनं.

“सिद्ध्या हाय का हितं?”

“तुम्ही कोण?”

“त्येची अव्वा, आई. कमलम्मा.”

त्यांच्या गावात आमची केबल कधी पोचलीच नाही. पोरगा सोलापुरात ऑफिसात आहे, एवढंच तिला ठाऊक. आता कार्यक्रम मोबाइलवरही दिसतो; परवा शेजारणीनं तिला त्यावर जुना भाग दाखवला.

“जित्या माणसाच्या फोटूला हार घालत न्हाईत, बाई. यंदा तेवढा घालू नगा. दुसरं काय नगं मला.”

पोटच्या पोरानं मारून टाकलं आणि बाईला दुसरं काही नको! माझं डोकंच फिरलं. मी तिला थेट मेकअपच्या खोलीत नेलं. सर पांढरे पडले. मग दार लावून त्यांनी चक्क तिच्या पायावर डोकं टेकवलं.

“अव्वा, आज कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर मी रस्त्यावर येईन. हार नाही घालत. शप्पथ.”

“हौदु मगा,” ती म्हणाली. व्हय रे लेकरा.

मला वाटलं, आता तिला एसटीत बसवून देतील. सर तिच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि म्हणाले, “पिंकी, हिला माइक लाव.”

कार्यक्रम सुरू झाला. “या कमलम्मा. आईच्या मैत्रीण. शेवटी तिच्याजवळ ह्याच होत्या.” मग विचारलं, “जाताना आई काय म्हणाली?”

ती फोटोकडं बघत म्हणाली, “काय म्हणणार? माझ्या लेकराला उपाशी ठिवू नगा म्हणली.”

प्रेक्षकांत हुंदके सुरू झाले. सरांच्याही डोळ्यांत पाणी. ते खरं होतं का, मला विचारू नका. बावीस वर्षांत मला कळलेलं नाही.

तिथं थांबला असता तरी मी त्याला माणूस म्हटलं असतं. त्यानं माझ्याकडं हात केला. “आज मी हार घालणार नाही. आज कमलम्मा घालतील.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो कॅमेऱ्याकडं बघत होता. हार मी दिला. मीच दिला, हात झडला असता तर बरं झालं असतं. तिनं तो फोटोला घातला, दोन्ही बाजूंनी सारखा केला आणि सवयीनं नमस्कारही केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी माइक काढायला वाकले, तेव्हा ती माझ्या कानाशी पुटपुटली, “गावात समदे मोबाइलवर बघत असतील की. आता तितं मी कोन म्हणून जाऊ?”